रस्त्याचे महिने

चंद्रपूरहून घुग्घुसकडे जाणारा रस्ता या पुस्तकात सापडणार नाही. राजुऱ्याहून गडचांदूरकडे सिमेंट कारखान्यांच्या अंगाने जाणारा रस्ता नाही आणि सुरजागडचे लोहखनिज घेऊन एटापल्ली, आलापल्ली, आष्टी असा धावणारा ट्रकांचा रस्ताही नाही. बाहेरच्या माणसाला आमच्या भागाची ओळख होते ती बहुधा याच रस्त्यांवर. कोळशाची भुकटी, हायवा ट्रकांची न संपणारी रांग, कडेच्या कडुलिंबाची राखाडी झालेली पाने. अशा रस्त्यावर सायकल घालू नये आणि कुणी घालत असेल तर त्याला थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे रस्ते वगळले तरी उरतो तो मुलूख फार मोठा आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. दोन्ही मिळून पंचवीस हजार चौरस किलोमीटरच्या वर प्रदेश भरतो आणि त्यातल्या गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगल आहे. पश्चिमेला वरोरा, भद्रावती, कोरपना या बाजूला काळी माती, कापूस आणि सोयाबीन. पूर्वेकडे मूल, सावली, नागभीड, ब्रह्मपुरीकडे सरकत गेले की बांध्या सुरू होतात, धानाचा वास सुरू होतो, गावागावाला एक तलाव किंवा निदान एक बोडी दिसते. वैनगंगा ओलांडली की साग, ऐन, धावडा, मोह, बांबू. जमीन बहुतेक सपाट, चढ असलाच तर हलका. सायकलस्वाराला याहून काय हवे?

हवे ते एकच, शांतता. आणि तिच्याचविषयी या पुस्तकाला काही निराळे सांगायचे आहे.

शांत ग्रामीण रस्त्यांनी सायकलवर हिंडण्याची आवड जोपासणाऱ्या देशांत फ्रान्सचे नाव पहिले घ्यावे लागते. १८९१ मध्ये तिथे पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत झाली, १९०३ मध्ये टूर द फ्रान्स सुरू झाली, हे सगळ्यांना ठाऊक असते. मला मात्र या शर्यतींपेक्षा सँत-एतिएन शहरातला पॉल द विव्ही जास्त जवळचा वाटतो. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने तो लिहीत असे आणि १८८७ पासून त्याने सायकलला वाहिलेले नियतकालिक चालवले. कुणाला हरवण्यासाठी सायकल चालवू नये, प्रदेश पाहण्यासाठी चालवावी, हा त्याचा आग्रह होता. भूक लागायच्या आधी खा आणि तहान लागायच्या आधी पाणी प्या, हा त्याचा नियम चंद्रपूरच्या उन्हात अक्षरशः जीव वाचवणारा आहे. त्याच देशात मिशेलँ कंपनीचे रस्त्यांचे नकाशे निघाले. ज्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पाहण्यासारखा मुलूख आहे त्या रस्त्याला त्यात हिरवी कड काढलेली असते. फ्रेंच सायकलस्वार हिरवी कड पाहतो, लहान रस्ता निवडतो, निघतो. जुन्या कालव्यांच्या काठाने, जिथून एके काळी घोडे नावा ओढत चालायचे, तिथून आता सायकली जातात.

आपल्याकडे अशी हिरवी कड एकदा काढून मोकळे होता येत नाही. इथे रस्त्याची शांतता महिन्यावर ठरते आणि दिवसाच्या प्रहरावरही. सिंदेवाहीजवळचा जो रस्ता जानेवारीत सकाळी नऊ वाजता निवांत असतो, तोच एप्रिलमध्ये पहाटे पाच वाजता तुम्ही जाऊ नये असा असतो. पेरमिलीपुढचा जो रस्ता डिसेंबरात सायकलसाठी केल्यासारखा वाटतो, तो ऑगस्टमध्ये पाण्याखाली असू शकतो. म्हणून या पुस्तकात प्रत्येक मार्गासोबत किलोमीटर आणि चढ-उतार दिले आहेत, पण त्यांच्या आधी महिने दिले आहेत. वाचकाने आधी महिना पाहावा, मग रस्ता. हा क्रम उलटा केला तर पुस्तकाचा उपयोग नाही, कधी कधी धोकाही आहे.

मोहाचा हंगाम पाहा. फेब्रुवारीच्या अखेरीस पळस फुलतो तेव्हा सगळे छायाचित्रकार येतात, आणि येणारच, कारण नागभीडपासून आरमोरीपर्यंत बांध्यांच्या धुऱ्यांवर एकेक पळस लाल होऊन उभा असतो. पण इथल्या माणसाचे लक्ष मोहाकडे असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्री उशिरापासून गळायला लागतात आणि पहाटे झाडाखाली फिकट पिवळा, रसाळ सडा पडलेला असतो. प्रत्येक झाड कुणाचे ते गावात ठरलेले असते. बाया, म्हातारी माणसे, लेकरे अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, कारण ऊन चढले की फूल सुकते आणि उशीर झाला की गुरे, हरणे, अस्वले येऊन खाऊन जातात. फूल नीट दिसावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची पद्धत आहे, तिच्यातून वणवेही लागतात. त्या दिवसांत रस्त्यावरून जाताना गोड, जड, काहीसा आंबूस वास सतत येत राहतो. घराच्या सारवलेल्या अंगणात फुले वाळत घातलेली असतात. अंगण पुरले नाही तर गावालगतच्या डांबरी रस्त्याच्या कडेलाही पसरलेली असतात. सायकलचे चाक त्यांच्यावरून जाऊ देऊ नये. ती एका घराची कमाई आहे. दिवाळीनंतर याच कडेला धान वाळत असते, तेव्हाही हेच लक्षात ठेवावे.

मोहाच्या पहाटेला दुसरी बाजू आहे. जंगलात वाकून, बसून काम करणाऱ्या माणसावर वाघाचा हल्ला होण्याची भीती सर्वांत जास्त असते. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, पुढे अंधारी अभयारण्य जोडून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. तिथला वाघ वाढला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण वाघ प्रकल्पाच्या सीमेत थांबत नाही. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल या तालुक्यांत तो गावाच्या शिवारात राहतो. इथे माणसे मरतात. सरपण आणायला गेलेली, मोह वेचायला गेलेली, तेंदूपत्ता तोडायला गेलेली, गुरे राखायला गेलेली. हौसेखातर आलेल्या सायकलस्वाराने हे दुःख मनात ठेवूनच या रस्त्यांवर यावे. वाघ दिसावा अशी इच्छा बोलून दाखवू नये, निदान ज्या गावात महिन्याभरापूर्वी तेरवी झाली तिथे तरी नाही.

आता व्यवहाराचे. सूर्य चांगला वर आल्याशिवाय जंगलपट्ट्यात शिरू नये आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी बाहेर पडावे. एकट्याने जाऊ नये. कानात गाणी लावू नयेत. जंगलात पंक्चर झाले तर तिथेच उकिडवे बसून चाक उघडू नये. सायकल हातात धरून, बोलत बोलत, मोकळ्या शिवारापर्यंत किंवा गावापर्यंत चालत जावे आणि मग काय ते काम करावे. बसलेला माणूस उभ्या माणसापेक्षा लहान दिसतो, आणि वाघाच्या नजरेत त्या लहानपणाचा अर्थ वेगळा होऊ शकतो. गावात शिरल्यावर ठेल्यावर विचारावे. “आज इकडं वाघ दिसला का जी?” हा प्रश्न इथे हवापाण्याइतका साधा आहे आणि उत्तर खरे मिळते. बऱ्याच गावांत वनविभागाने गावकऱ्यांचीच प्राथमिक बचाव दले उभी केली आहेत, त्यांतल्या कुणाशी बोलता आले तर उत्तम. ताडोबाच्या गाभाक्षेत्रात सायकल नेता येत नाही, तो विचारच सोडावा.

कुरखेडा, वडसा, आरमोरीकडे जाणाऱ्यांनी आणखी एक विचारावे. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला. तेव्हापासून या भागात हत्तींचे येणे-जाणे सुरू आहे. कळप कुठे आहे हे गावाला माहीत असते. त्या दिशेचा रस्ता त्या दिवशी आपला नाही, असे मानावे.

मे महिना तेंदूपत्त्याचा. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा शहाणा माणूस सायकल भिंतीला टेकवून ठेवतो. या महिन्यात जंगलाकडचे सगळे रस्ते पहाटे तीन-चारपासून गजबजलेले असतात. सायकल असते, पण ती कामाची. कॅरिअरला पाण्याचा डबा, हँडलला भाकरीची पिशवी, मागे बसलेली बायको. पाने तोडून नऊ-दहापर्यंत परतायचे, दुपारभर घरच्या सगळ्यांनी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. हजार पुड्यांचे एक गोणे. दोन-तीन आठवड्यांच्या या कामावर कितीतरी घरांची खरिपाची बी-बियाण्याची सोय अवलंबून असते. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आता तेंदूचा लिलाव स्वतः करतात. हे हक्क सहज आलेले नाहीत. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार हातात यायला एप्रिल २०११ उजाडले. तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी त्या गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे दिले. गडचिरोली–धानोरा हा मार्ग पुस्तकात आहे तो झाडीसाठी आहे, कठाणी नदीसाठी आहे, आणि या गावासाठी तर आहेच. तिथून जाताना थांबावे. गावात कुणी भेटले तर आधी जोहार म्हणावे, फोटो नंतर, तोही विचारून.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी चालू असते. गुडघाभर चिखलात ओळीने वाकलेल्या बाया, हिरव्या पऱ्ह्यांच्या पेंढ्या, वरून सरी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल-सावली भागातले मार्ग या काळात, पाऊस उघडलेल्या दिवशी, करण्यासारखे आहेत. पण रपट्यावरून पाणी वाहत असेल आणि पाण्याखालचा काँक्रीटचा तळ डोळ्यांना दिसत नसेल तर मागे फिरावे. पाणी किती खोल आहे हे महत्त्वाचे नाही, ते किती जोरात आहे हे महत्त्वाचे आहे. भामरागडला पर्लकोटेचा पूल पाण्याखाली जातो तेव्हा सगळा तालुका जगापासून तुटतो, तिथे सायकलची काय कथा. शिवाय पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने मलेरियाचे. गडचिरोलीच्या दक्षिण भागात तो गंभीर स्वरूपाचा असतो. मच्छरदाणी, अंगभर कपडे, आणि परतल्यावर ताप आला तर त्याच दिवशी रक्ततपासणी. यात हयगय करू नये.

म्हणजे राहिला काळ दिवाळीनंतरचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हा झाडीपट्टीचा, म्हणजे या पूर्वेकडच्या धानाच्या मुलखाचा, सुगीचा आणि करमणुकीचा काळ. धान कापून पुंजणे रचलेले, चुरणे चाललेले, आणि गावोगावी मंडई. मंडईला लेकी माहेरी येतात, दिवसा बाजार भरतो, रात्री दंडार किंवा नाटक. वडसा हे झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचे मुख्य ठाणे. इथले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा उर्वरित महाराष्ट्राने या रंगभूमीकडे पुन्हा एकदा वळून पाहिले. आमच्या दृष्टीने ती कधी कुठे गेलीच नव्हती. शेतात मांडव पडतो, नाटक रात्री दहानंतर सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. सायकलवाल्याने यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. नाटकाच्या दिवशी रात्री आणि पहाटे त्या रस्त्यावर मोटारसायकली आणि ट्रॅक्टर झोपेत असलेल्या माणसांच्या हातात असतात, तेव्हा रस्ता टाळावा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून दुपारपर्यंत, सगळे गाव झोपलेले असताना, त्याच रस्त्यासारखा निवांत रस्ता कुठे मिळणार नाही. जमले तर आदल्या रात्री तिकीट काढून नाटक बघावे. मुक्कामाची सोय कुणी ना कुणी करतेच.

या काळात नहराच्या पाळीवरून जाणारे रस्तेही उघडे होतात. घोडाझरी आणि आसोलामेंढा हे इंग्रजी अमलातले तलाव. त्यांचे नहर नागभीड, सिंदेवाही, सावलीच्या बांध्यांना पाणी देतात. पाटबंधारे खात्याच्या जीपसाठी केलेली ही पाळीवरची वाट काही ठिकाणी मुरमाची, काही ठिकाणी पक्की. उंचावरून दोन्ही बाजूंची शेते दिसतात आणि वाहन क्वचितच. या तलावांच्याही आधीचे मालगुजारी तलाव वेगळे, ते कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधले आणि सांभाळले. उतार कुठे, पाणी कुठे अडेल, सांडवा कुठे काढावा, याचे त्यांचे ज्ञान आजही तलावाच्या पाळीवर उभे राहिले की समजते. यातले किती तरी तलाव गाळाने भरले, काहींवर अतिक्रमण झाले. मला याचे वाईट वाटते आणि ते लपवण्याचे कारण नाही.

या रस्त्यांवरचे सर्वांत नेमाने दिसणारे सायकलस्वार म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुली. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. लांबच्या गावांसाठी त्याच कार्यक्रमाच्या निळ्या एसटी बसगाड्या आहेत. सकाळी दहाच्या सुमारास घोट, मूलचेरा, कुरखेडा अशा कुठल्याही मोठ्या गावाबाहेर उभे राहा. तीन-तीन, चार-चार जणी गप्पा मारत येतात. सीटला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, चेनकव्हर एका तारेने आवळलेले, घंटी नाही पण पायडलाची करकर आहे तीच पुरते. तीस हजारांची गिअरची सायकल घेऊन आलेल्या माणसाने त्यांच्या मागून घंटी वाजवू नये. मागे राहावे, जागा मिळाली की सावकाश पुढे जावे. हा रस्ता त्यांच्या सवयीचा आहे, रोजचा आहे. आठवीनंतर मुलीची शाळा सुटू नये म्हणून सायकल लागते, हे शहरात राहणाऱ्याला एकदा पाहिल्याशिवाय पटत नाही.

आणि फाट्याफाट्यावरचे पंक्चरवाले. झाडाच्या फांदीला टांगलेली जुनी टायर ही त्यांची पाटी. खाली अर्धा कापलेला ड्रम, त्यात काळे पाणी, बाजूला खरडायचा पत्रा आणि सोल्यूशनची ट्यूब. नळी फुगवून पाण्यात फिरवायची, बुडबुडा दिसला की बोट ठेवायचे, पुसायचे, खरडायचे, सोल्यूशन लावून ते वाळेपर्यंत थांबायचे. घाईने लावलेली चकती पाच किलोमीटरवर सुटते, हे तो सांगतो आणि दोन मिनिटे खरेच थांबतो. पातळ, ताणलेल्या परदेशी नळ्यांवरही त्याचा हात बसलेला आहे. फक्त लांब तोंडाचा निमुळता व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या पंपाचे तोंड त्यावर बसत नाही. तेवढा जोड आपल्या पिशवीत हवा. टायर मात्र जरा रुंद घ्यावे. उन्हाने डांबर उकरलेले, मधेच उघडी पडलेली गिट्टी, हे इथे नेहमीचे.

गडचिरोलीच्या दक्षिणेकडच्या मार्गांबद्दल लिहिताना हात जरा जड होतो. तिथली शांतता कितीतरी वर्षे भीतीची होती. रस्त्याचे काम सुरू झाले की माओवादी यंत्रे जाळत. १ मे २०१९ रोजी तर उत्तरेकडच्या कुरखेडा तालुक्यातही दादापूरला रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून अधिक वाहने जाळली गेली आणि त्याच दिवशी जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. पोलीस आणि माओवादी अशा दोन्हीकडून संशयाचा भार गावकऱ्यांनी वाहिला. रस्ता यावा की न यावा, आला तर कुणासाठी, हा प्रश्न तिथे कागदावरचा नव्हता. आता चित्र बदलते आहे. १ जानेवारी २०२५ रोजी गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी रस्ता खुला झाला आणि अहेरीहून गर्देवाड्याला स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटी गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. तरीही एटापल्ली आणि भामरागड तालुक्यांतले आडरस्ते मी मुद्दाम घेतलेले नाहीत. त्या गावांना आधी त्यांचा डॉक्टर, शिक्षक आणि बस निर्धास्तपणे पोहोचू दे. तोवर सायकलवाल्यांनी मुख्य रस्ता धरावा आणि निघण्यापूर्वी पोलीस ठाण्यात कळवावे.

मुख्य रस्ता म्हणजे आलापल्लीहून पेरमिली, ताडगाव, हेमलकसा करत भामरागड. सुमारे पासष्ट किलोमीटर. आलापल्लीचा साग देशभर नावाजलेला. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हा जुन्या सागाचा राखून ठेवलेला तुकडा २०१४ मध्ये राज्यातले पहिले जैवविविधता वारसास्थळ ठरला. शेकरू आणि धनेश या पट्ट्यात दिसतात, पण सायकल थांबवून मान वर करून उभे राहण्याची तयारी हवी. पुढे हेमलकसा. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला, तेव्हा इथवर यायला धड रस्ताच नव्हता. माणसे आजाऱ्याला खाटेवर घालून मैलोगणती चालत आणत. आज गुळगुळीत डांबरावरून आपण तीन-चार तासांत पोहोचतो, तेव्हा पायाखालचे अंतर एकदा मनात मोजून पाहावे असे मला वाटते.

बाबांचे नाव निघाले म्हणून सांगतो, कारण या जिल्ह्यातल्या सायकलप्रेमींनी ते विसरू नये. १९८५-८६ मध्ये वरोऱ्याच्या आनंदवनातल्या या माणसाने कन्याकुमारी ते काश्मीर ‘भारत जोडो’ अभियान काढले. स्वतःचा मणका साथ देत नव्हता, ते गाडीत आडवे पडून प्रवास करत. सोबत शंभरावर तरुण मुले-मुली होती, सायकलींवर. पुढे १९८८-८९ मध्ये इटानगर ते ओखा हे दुसरे अभियान झाले. पंजाब पेटलेला होता तो काळ. सायकलच का? कारण सायकलवरून गावात शिरणाऱ्या माणसाला कुणी घाबरत नाही, त्याला पाणी विचारतात आणि मग बोलायला बसतात. मूल तालुक्यातल्या सोमनाथला त्यांनी १९६७ पासून तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या भरवल्या. मूल–मारोडा–सोमनाथ हा लहानसा मार्ग पुस्तकात घेतला तो या आठवणीपोटी.

बाकी मार्गांची ओळख त्या त्या प्रकरणात होईलच. चामोर्शीहून मार्कंड्याला गेलात तर वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळलेली दिसेल आणि काठावरच्या दगडी देवळांवरची शिल्पे पाहायला अर्धा दिवस कमी पडेल. महाशिवरात्रीच्या यात्रेत मात्र हा रस्ता घेऊ नका. घोट ओलांडून मूलचेऱ्याकडे वळलात की गावांची नावे आणि दुकानांच्या पाट्या बदलतात. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची ही वसाहत, दारापुढे तळे, तळ्यात मासे, शाळेच्या भिंतीवर बंगाली अक्षरे. जिवतीला चढणारा गडचांदूरचा घाट हा या पुस्तकातला एकमेव खरा चढ. वर माणिकगडाचा पडका किल्ला, कोलामांचे गुडे, १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून येऊन वसलेली घरे, आणि महाराष्ट्र-तेलंगण या दोन राज्यांच्या वादात सापडलेली चौदा गावे, जिथे दोन्ही राज्यांच्या शाळा आहेत. खाली गडचांदूरपर्यंत मात्र सायकल टेम्पोत टाकून न्यावी. दक्षिणेच्या टोकाला सिरोंचा. तिथे चहासोबत इडली मिळते आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेलुगूत येते. प्राणहिता गोदावरीला मिळते ती तिथेच. जवळच्या कोटा गावाच्या नावाने भूशास्त्रज्ञ ज्युरासिक काळातला एक खडकथर ओळखतात, आणि वडधमला त्या काळचे जीवाश्म सापडले आहेत.

रस्ते बदलतात. चौपदरीकरण जिथे होते तिथे शंभर वर्षांचे मोह आणि चिंचा आधी जातात, सावली जाते, आणि तो रस्ता सायकलच्या नकाशातून कायमचा पुसावा लागतो. पुस्तक तयार होत असतानाच असे काही मार्ग मी काढून टाकले. वडसा हे आजवर गडचिरोली जिल्ह्याचे एकुलते रेल्वे स्थानक, तिथून गडचिरोलीपर्यंत लोहमार्गाचे काम चालू आहे. ते पूर्ण झाले की बाहेरून सायकल घेऊन येणाऱ्यांची मोठी सोय होईल आणि कदाचित काही रस्त्यांवरची जड वाहने कमी होतील. वाचकांनी बदल कळवावेत, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करीन.

ज्याने या भागात कधी सायकल चालवली नाही त्याने पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करावी. नागभीड ते घोडाझरी आणि नहराच्या पाळीने तळोधीकडे. डिसेंबर किंवा जानेवारी. गोंदिया–बल्लारशा मार्गावरच्या गाडीने नागभीडला उतरावे, स्टेशनबाहेर पोहे आणि आलूबोंडा खाऊन घ्यावा, दोन बाटल्या पाणी भरावे आणि आठ वाजून गेल्यावरच निघावे. दुपारी तीनपर्यंत परत.